चौदा काड्या

मिस्त्रीने तीस वर्षं लोकांची अडकलेली दारं मोकळी केली. त्याचं स्वतःचं तोंड मात्र बावीस मिलिमीटरच्या पुढे उघडेना.

घशाच्या कॅन्सरसाठी त्याने तेहतीस वेळा किरणं घेतली. प्रत्येक वेळी चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा दाबून टेबलाला अडकवत. इतका नेमका जोड आपल्यालाही जमला नसता, असं मिस्त्री कौतुकाने सांगे. कॅन्सर गेला. जाताना लाळ घेऊन गेला, चव घेऊन गेला आणि जबड्याच्या बिजागऱ्या गंजवून गेला. उपचार यशस्वी झाले असं कागदावर लिहिलं होतं आणि ते खरंही होतं.

लाळ नाही म्हणून दाढ किडली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिशेब स्पष्ट मांडला. दाढ भरायला हत्यार आत जायचं, तर अठ्ठावीस मिलिमीटर हवेत. नाहीतर दाढ उपटावी लागेल. किरणं खाल्लेल्या हाडातली जखम भरेलच असं नाही. जबडा सडूही शकतो. तेव्हा रोज तीनदा, दहा-दहा मिनिटं, पुढच्या दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत धरायची आणि हळूहळू एकेक वाढवायची. एक काडी दोन मिलिमीटरची. काड्या हव्यात चौदा.

मोजायचं काम बायकोने घेतलं. ती शिवणकाम करायची, मापाला पक्की. शिवाय तोंडात काड्या असलेल्या नवऱ्याइतका ऐकून घेणारा माणूस तिला लग्नापासून भेटला नव्हता. माळ्यावरच्या पसाऱ्यापासून थोरल्या नणंदेपर्यंत सगळे विषय तिने या दहा-दहा मिनिटांत निकालात काढले.

पण महिनाभर काड्या अकराच.

"अकरा," ती म्हणायची आणि चेहरा पडायचा. क्षणभरच. मग लगेच, "असू दे. उद्या बघू."

त्या क्षणाला मिस्त्री घाबरायला लागला. दर दोन मिनिटांनी पाण्याच्या बाटलीतून घोट घ्यायचा, खुर्चीतून उठून खिडकीत जायचा, खिडकीतून परत खुर्चीत.

"अहो, बसा ना एका जागी! शिलाई वाकडी जातेय माझी."

एका दुपारी तो चौदा काड्या खिशात घालून आपल्या सुतारकीच्या कारखान्यात गेला आणि पॉलिश पेपर घेऊन बसला. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. दिसायला तशाच, जाडीला जेमतेम पाऊण.

दुसऱ्या दिवशी बारा गेल्या. आठवड्यात चौदा. बायकोने बहिणीला फोन लावला, "चौदा! अगं, अजून वाढतील बघ!" बाटलीला दोरीची पिशवी शिवून ती तिने त्याच्या गळ्यात अडकवली. घरात इतका आनंद झाला, की मिस्त्रीला घरात बसवेना. खरं सांगायला तो तीनदा तोंड उघडायला गेला; तोंड तसं उघडतच नव्हतं. त्यात पातळ काड्या आरामात बसत, म्हणून जबड्याला ताणही बसेना.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी प्लॅस्टिकची पट्टी लावली. "काका, वीस. मागच्या वेळेपेक्षा दोन कमी."

"तुमची पट्टी चुकीची आहे," बायको म्हणाली.

"काकू, पट्टी कशी चुकेल?"

"मग आमच्या काड्या चुकतील होय? मी स्वतः मोजते. चौदा जातात!" तिने पिशवीतून पुडकं काढून टेबलावर ठेवलं. मिस्त्रीने एक घोट घेतला. लगेच दुसरा घेतला.

बाईंनी चळतीला पट्टी लावली. "ही तर वीसच भरतेय."

बायकोने एक काडी उचलली. कडेवरून अंगठा फिरवला. मग उलट बाजूने. तिच्या घरातला पाट, पोळपाट, मशीनचं टेबल सगळं मिस्त्रीच्याच हाताने घासलेलं होतं.

"काम चांगलं केलंय," ती म्हणाली. "बोटाला टोचेल अशी कूस कुठे राहिली नाही."

मिस्त्री बाटलीचं झाकण लावत आणि काढत राहिला.

बाईंनी दाढेवर जमेल तेवढं औषध दाबलं. हे तीन आठवडे टिकेल, म्हणाल्या. त्यानंतर भरायची, नाहीतर उपटायची.

परतताना बायकोने दुकानातून नव्या काड्यांचं पाकीट घेतलं आणि ते स्वतःच्या पिशवीत टाकलं. घरी आल्यावर त्याला खुर्चीत बसवलं.

"तुझा चेहरा बघवत नव्हता गं," तो दातांच्या फटीतून म्हणाला.

"मग डोळे मिटायचे होते. जबडा कशाला पणाला लावलात? आ करा."

तिने एकेक काडी सरकवली. दहाला थांबावं लागलं.

"दहा," ती म्हणाली.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. चेहरा पडला होता. तो पडलेलाच ठेवून तिने पाकिटातून अकरावी काडी काढली.

त्याने हातवारे करून दुखतंय म्हणून सांगितलं.

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि काडीचं टोक चळतीत धरून दाबायला लागली. मिस्त्रीने खुर्चीचे हात घट्ट धरले. या वेळी तो उठला नाही.