महापौराच्या झग्याचा गळा

महापौराचा झगा निवडणुकीच्या आठ दिवस आधी जिंकणाऱ्याच्या मापाचा होतो. लाल मखमलीचा झगा आहे, सोनेरी काठाचा. एरवी नगरसचिवांच्या कपाटात असतो. निवडणुकीची तारीख लागली की शिपाई तो माझ्या दुकानात आणून टाकतो, इस्त्रीला म्हणून. मी टेबलावर पसरतो आणि छाती, तीरा म्हणजे खांद्याची रुंदी, बाही, उंची, गळा अशी पाच मापं घेतो. मापांची चिठ्ठी पाकिटात घालून नगरसचिव टिपणीस साहेबांना देतो. त्यावरून ते खुर्चीची उंची ठरवतात, दारावरची पाटी रंगवायला टाकतात, हार केवढा करायचा ते माळ्याला कळवतात. तिकडे पेपरवाले आठ दिवस कोण येणार, कोण येणार म्हणून डोकं फोडून घेत असतात. घेऊ द्या. मला विचारायला कोणी येत नाही आणि आलं तरी मी सांगत नाही.

आमच्या वडिलांच्या वेळी एकदा झगा जेमतेम पावणेचार फुटांचा झाला होता. सगळं शहर एका उंचापुऱ्या पैलवान गड्याच्या मागे होतं. ऐन वेळी चार जण फुटले आणि एक असा माणूस निवडून आला की त्याचं नाव त्याच्या वॉर्डातही कोणाला धड सांगता येत नव्हतं. त्याला झगा अगदी बेतात बसला. वडील म्हणायचे, माप घ्यायचं, लिहायचं आणि विसरायचं. त्यांचा दुसरा नियम होता, अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा नाही. अगदीच वेळ आली तर शिवणाऱ्याने दातांत दोरा धरायचा आणि शेवटची गाठ बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही, नाहीतर कपडा ज्याच्या अंगावर असेल त्याला अपाय होतो. हे दोन्ही नियम मी चाळीस वर्षं पाळले.

यंदा महापौरपदाच्या आरक्षणाच्या सोडतीत ओबीसी महिला अशी चिठ्ठी निघाली. माझी थोरली बहीण यमुना, म्हणजे शहराची यमुनाताई हेंद्रे, पंधरा वर्षं नगरसेविका आहे आणि पंधरा वर्षं याच चिठ्ठीची वाट बघत होती. आई गेली तेव्हा अक्का चौदाची आणि मी पाचाचा. तिने शाळा सोडली आणि दुसऱ्यांच्या शर्टांची काजं करून मला वाढवलं. काज करायला मला तिनेच शिकवलं. मी केलेल्या प्रत्येक काजातून ती बोट घालायची, कडेवरून फिरवायची, आणि एखादा टाका लांब पडला असेल तर न बघता सांगायची. पुढे वॉर्डात नळ यावा म्हणून ती सहा दिवस पाण्याच्या टाकीवर चढून बसली होती. एवढं करून पक्षात तिच्या वाट्याला काय, तर सतरंज्या उचलणं. समोर रोहिणीताई गावंडे, आमदारांची भावजय. यंदा नाही तर कधीच नाही, हे अक्कालाही ठाऊक होतं आणि मलाही.

झगा आला. छाती अडतीस. तीरा साडेचौदा. बाही बावीस. उंची चोपन्न. तिचे कपडे मी गेली तीस वर्षं शिवतोय, ही मापं मला झोपेत विचारली तरी सांगेन. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. टेप गळ्यात टाकून मी खुर्चीत बसलो आणि पोटभर रडलो.

मग गळ्याचं माप घ्यायला उठलो. गळा नव्हता. कोणी शिवून टाकला म्हणावं तर टाका कुठे दिसेना. मखमल या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सरळ गेली होती. मी झगा उलटा करून पाहिला, खिडकीशी धरून पाहिला. चिठ्ठीवर लिहिलं, गळा शून्य.

टिपणीस साहेबांनी पाकीट फोडलं.

"यमुनाताई," ते म्हणाले.

"साहेब, शेवटचं माप वाचा."

त्यांनी वाचलं. "शून्य. मग हार दोन हात पुरे. उगाच फुलं वाया नकोत."

मी म्हणालो, अहो, बाईचं डोकं बाहेर कुठून यायचं? त्यांनी चष्मा पुसला आणि नियमावलीत बघून सांगितलं की महापौरांनी झगा परिधान करावा एवढंच लिहिलंय, पुढचं काही नाही.

दुपारी अक्का दुकानात आली. संध्याकाळी अक्काच्या बाजूच्या नगरसेवकांना सहलीला नेणार होते, फुटू नयेत म्हणून रिसॉर्टवर ठेवतात तसे. झग्याबद्दल तिने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं आणि आताही विचारलं नाही. झगा पडद्यामागे होता, तिकडे तिने बघितलंही नाही. पिशवीतून मोरपिशी ब्लाउजपीस काढलं आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसली.

"दिगू, टाकू का शिवायला? त्या दिवसासाठी?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. अक्का, मापं तुझीच आहेत पण गळा नाही, एवढी सहा-सात शब्दांची गोष्ट. पण तिच्या तोंडावर जे होतं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"टाक," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झग्याला कात्रीने गळा कापला. चहा पिऊन आलो तोवर मिटला होता. पुन्हा कापला, पुन्हा मिटला. तिसऱ्या दिवशी मी एक छोटंसं काज करून पाहिलं, चारी कडांनी दाट टाके घालून. ते दुपारपर्यंत टिकलं, मग तेही गेलं. त्याच दिवशी माझ्या बनियनचा गळा मिटला. माठाचं तोंड मिटलं. कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीची फट मिटली आणि लोक तिच्या डोक्यावर पत्रं ठेवून जाऊ लागले. चौथ्या दिवशी डब्यातल्या सगळ्या सुयांची नेढी बुजली. एकच सुई वाचली, तिच्यात लाल दोरा ओवलेला राहिला होता म्हणून. तेव्हा मला कळलं की ज्याच्या तोंडात काही अडकवलेलं असतं ते मिटत नाही. मी दुसऱ्या माठात पळी उभी ठेवली, दाराच्या फटीत स्टूल अडकवलं. त्या सुईतला दोरा काही केल्या काढायचा नाही असं ठरवलं. तरी दार रोज वीतभर अरुंद होत होतं आणि गिऱ्हाइकं आडवी होऊन आत यायची.

पाचव्या दिवशी रोहिणीताई गावंडे तशाच आडव्या होऊन आत आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी पडदा सारला. झगा उचलून त्यांनी खांद्यांवरून हात फिरवला, दोनदा फिरवला.

"मास्तर, हा असाच आलाय?"

"असाच."

"यमुनाताईंना सांगितलंत?"

मी इस्त्रीला हात लावून बघत राहिलो. त्यांनी झगा खाली ठेवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की गावंडे यांनी अर्ज मागे घेतला, प्रकृतीचं कारण दिलं. म्हणजे अक्का बिनविरोध. मला लाज वाटली. बाई प्रतिस्पर्धी, पण तिने विचारलं. मी पाठचा भाऊ, आणि मी गप्प.

ब्लाउज घेऊन मी रिसॉर्टवर गेलो. फाटकाला फट उरली नव्हती. आतल्या वॉचमनने भिंतीवरून सांगितलं की कोणाला भेटायची परवानगी नाही, फोनही काढून घेतलेत, चिठ्ठी द्या हवी तर. मी ब्लाउजच्या पुडक्यात चिठ्ठी घातली, अक्का, झग्याला गळा नाही, नको म्हणून सांग. पुडकं भिंतीवरून टाकलं. अर्ध्या तासाने माझीच चिठ्ठी दगडाला गुंडाळून परत आली. मागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, "गळ्याचं रोहिणीने चिठ्ठी पाठवून सांगितलं. तू सांगशील असं वाटलं होतं. पंधरा वर्षं थांबले, आता नको कसं म्हणू? त्या दिवशी सुई-दोरा घेऊन ये."

ती चिठ्ठी मी खिशात पार तळाशी ठेवली. खिसा वरून मिटला, त्यामुळे ती अजून तिथेच आहे.

निवडणुकीच्या दिवशी मी सभागृहात टिपणीस साहेबांच्या मागे उभा होतो. लाल दोऱ्याची सुई मी सदऱ्याला बाहेरून टोचून आणली होती, कात्री हातात होती. अक्का मोरपिशी ब्लाउजमध्ये आली. तिला सगळ्या बाजूंनी नमस्कार होत होते आणि ती एकेकाचं नाव घेऊन बोलत होती. बिनविरोध निवड जाहीर झाली. दोघांनी झगा धरला. अक्काने माझ्याकडे एकदा बघितलं, मग दोन्ही हात वर करून आत शिरली. हात बाह्यांतून बाहेर आले. छाती, तीरा, उंची, सगळं तंतोतंत. वर मखमलीखाली तिचं डोकं कळत होतं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. दोन हातांचा हार खांद्यावर ठेवला, तो बरोबर मावला. फोटो निघाले. टिपणीस साहेबांनी पुढचा विषय पुकारला.

"दिगू," अक्का आतून म्हणाली. "आत श्वास पुरत नाही."

मी पुढे झालो. दातांत दोरा धरला. बोटांनी चाचपून तिचं तोंड कुठे आहे ते पाहिलं आणि तिथे काजाएवढा काप दिला. लगेच कडा शिवायला घेतल्या. इतके दाट टाके मी आयुष्यात घातले नसतील. समोर पाणीपुरवठ्याच्या ठरावाला हात वर होत होते आणि महापौरांची संमती आहे असं कोणीतरी लिहून घेत होतं. अक्काचा श्वास माझ्या बोटांना लागत होता. एक बाजू झाली, दुसरी झाली. सुईत दोरा बोटभर उरला. फक्त गाठ राहिली होती, आणि काज तेवढ्यात आवळायला लागलं होतं.

तेव्हा एक बाही रिकामी झाली. अक्काने हात आत ओढून घेतला होता. काजातून तिचं बोट बाहेर आलं, सुईच्या टोचांनी खरखरीत झालेलं तर्जनीचं टोक. काज थांबलं. बोटाभोवती ते आवळेना. तिने बोट कडेवरून सावकाश फिरवलं, लहानपणी फिरवायची तसं, एकेक टाका बघत.

ते बोट तिथेच राहू दे, एवढंच मला सांगायचं होतं. दातांत दोरा होता आणि गाठ बसायची होती.

"छान झालंय," अक्का आतून म्हणाली, आणि बोट मागे घेऊ लागली.