साबणाने धुतलेला तुंबा

डोळे मिटा बघू. मिटलेत? आता दोन्ही हातांची ओंजळ करा. ओंजळीत एक वाळलेला भोपळा आहे, मोसंब्याएवढा, वरून कापलेला, आतून पोकळ. आपण त्याला तुंबा म्हणू. गरम आहे, सांभाळून. आत येर्बा नावाच्या पाल्याचा हिरवा चुरा भरलाय, त्यावर कढत पाणी, आणि चुऱ्यात खोचलेली चांदीची नळी. नळीच्या खालच्या टोकाला जाळी आहे, म्हणून ओढलं की पाणीच तोंडात येतं, पाला येत नाही. कडू लागतं ना? तोंड वाकडं करू नका. माझे आजोबा बघताहेत.

आजोबांचं नाव सिरिलो. जन्मभर त्यांनी मेंढ्यांची लोकर कातरली, आणि म्हातारपणी रेल्वेच्या थांब्याजवळ पत्र्याच्या घरात पिराता नावाच्या कुत्र्याबरोबर एकटे राहत होते. दर रविवारी सकाळच्या बसने आई आणि मी त्यांच्याकडे जायचो. महिन्यातून एकदा ओमार मामा आणि एल्सा मामीसुद्धा मोंतेव्हिदेओ शहरातून यायची.

तुंबा आजोबांच्या कुंपणावरच्या वेलाचा होता. आई जन्मली त्या वर्षी आजीने तो वाळवला, ओला पाला भरून आठवडाभर मुरवला. तेव्हापासून त्याला साबण म्हणून शिवला नव्हता. नुसत्या पाण्याने विसळायचा आणि सावलीत कलता ठेवायचा. आतून तो काळपट हिरवा झाला होता. मी म्हटलं, "आजोबा, किती कीट चढलंय!" तर म्हणाले, "कीट नव्हे गं, ती तुझी आजी आहे." मी आजीला कधी पाहिलं नव्हतं.

सगळी गोल करून बसत. तुंबा एकच, नळीही एकच. आजोबा भरून एकाला देत. त्याने तळाशी घुर्र वाजेपर्यंत प्यायचं आणि परत आजोबांच्या हातात द्यायचा. मग पुढच्याची पाळी. पहिला तुंबा मात्र कायम आजोबांचा.

"पहिला तुम्हीच का? हावरट!" मी एकदा म्हटलं.

"हावरट म्हणे! पहिला सगळ्यात कडू, ब्लांका. सगळी भुकटी त्यात येते. भरणाऱ्याने तो आपण गिळायचा असतो, दुसऱ्याच्या माथी मारायचा नसतो."

आठवं वरीस लागलं तेव्हा मला त्या गोलात स्टूल मिळालं, आई आणि आजोबांच्या मध्ये. त्या स्टुलासाठी मी दोन वर्षं हट्ट केला होता.

आणि त्याच हिवाळ्यात शाळेत बाईंनी फळ्यावर जंतू काढले. पाय असलेले, दात असलेले. म्हणाल्या, एकाच्या तोंडचं दुसऱ्याने तोंडात घालू नये. पुढच्या रविवारी आजोबांनी तुंबा पुढे केला आणि मला नळीवर ते दातवाले जंतू दिसले. मी ओठ नळीला टेकवले, गाल आत ओढले, पण प्याले नाही. तोंडाने नुसता घुर्र आवाज काढला. आजोबांनी तुंबा परत घेतला. तो भरलेलाच होता, त्यांना वजनावरून कळलं असणार. सगळं स्वतः प्याले.

मुलांनो, बाईंचं नाव पुढे करून सुटायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण खरं सांगते. मला जंतूंची भीती थोडी होती, आणि आजोबांच्या ओल्या मिशांची किळस जास्त होती. ज्यांच्या मांडीवर मी वाढले, त्यांचं उष्टं मला नको झालं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मामा-मामी आली होती. सगळी अंगणात मांस भाजायची चूल पेटवत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरले. कपड्याच्या साबणाची पिवळी वडी घेतली, घासणी घेतली. नळी घासली, तुंबा तीनदा धुतला. आतला थर निघेना, तेव्हा चमच्याने खरवडला. काळं हिरवं पाणी मोरीतून वाहून गेलं. तुंबा आतून पिवळा, नवा दिसायला लागला. मला वाटलं, आता मला पिता येईल. कोणाला काही कळायचंही नाही.

गोल बसला. आजोबांनी न बघताच पाला भरला, त्यांच्या हाताला सवय होती. पाणी ओतलं आणि पहिला तुंबा तोंडाला लावला. एक घोट घेऊन थांबले. आत पाहिलं. मग डोळे मिटून घुर्र वाजेपर्यंत सगळा प्याले.

मिशांवर फेस आला होता.

"बाबा," मामा हसला, "येर्बा पिताय की दाढी करताय?"

मामीने तुंबा हातात घेऊन हुंगला. "अगंबाई! साबण!"

मामाचं हसू गेलं. त्याने तुंब्यात बोट फिरवलं. "खरवडलाय. कोणी केलं हे?"

आजोबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्यांची नजर तिथे जरा थांबली, मग पुढे गेली.

"मीच," ते म्हणाले. "काल भांडी घासत होतो. लक्षात नाही राहिलं."

"लक्षात नाही राहिलं?" मामा आईकडे वळला. "ऐकलंस? गेल्या महिन्यात किटली जाळली, चूल रात्रभर पेटलेली. आणि आता हे! पाण्याने जरा जोरात विसळला तरी आमच्यावर ओरडणारा माणूस स्वतः साबण लावतो, आणि लक्षात राहत नाही! बाबा, पुरे झालं. आजच सामान बांधा. इथे एकटं ठेवायचं नाही तुम्हाला."

एरवी आजोबांनी म्हटलं असतं, तुझ्या त्या शहरातल्या खुराड्यात कोंबडी तरी राहील का? प्रत्येक महिन्याला तेच म्हणायचे आणि मामा हरायचा. मी वाट पाहत होते. म्हणतील, आत्ता म्हणतील.

ते म्हणाले, "पिराताला आणता येईल का रे?"

"तिसऱ्या मजल्यावर कुत्रं कुठे ठेवणार, मामंजी?" मामी हळूच म्हणाली. "शेजारचे घेतील की त्याला."

"हं." आजोबांनी पिराताच्या कानामागे खाजवलं. "शेजारचे बरे आहेत."

आई रडत होती. मामा पेटी काढायला आत गेला. पलंगाखालून ती ओढल्याचा खरखर आवाज आला. आजोबा माझ्याकडे बघत नव्हते. बघितलं तर मला रडू येईल हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम कुंपणाकडे बघत होते. आजही साबणाच्या वडीचा वास आला की मला तो खरखर आवाज ऐकू येतो.

मामा पेटी घेऊन दारात आला.

मी स्टुलावरून उठले आणि मामीच्या हातातून तुंबा घेतला. जुना पाला झटकून टाकला. आजोबा भरत तसा नवा भरला, एका बाजूला चढ ठेवून. नळी न पुसता तशीच खोचली. किटली जड होती, दोन्ही हातांनी उचलली, पाणी ओतलं. फेस वर आला. गोलातली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती.

मग पहिला तुंबा मी प्याले, साबणासकट, घुर्र वाजेपर्यंत. आणि ओल्या बाह्या मामासमोर धरून म्हणाले, "आजोबांनी नाही धुतला. मी धुतला."