यादी बाहेरून दिसत होती

यादीत दोन हजार तीनशे सोळा नावं होती. फोल्डर बावन्न, वर्षाला एक. सगळ्यात भरलेल्या फोल्डरमध्ये एकाहत्तर फायली, सगळ्यात रिकाम्यात नऊ. तिने वरपासून खालपर्यंत दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला. तिसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. कारण मोजणं संपलं की मोठ्या बाईंना जाऊन सांगायचं होतं.

बालगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी तिचं नाव 'मोजणीबाई' पाडलं होतं. हिच्या ताटात भात वाढू नका, शितं मोजत बसेल, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती दोन वर्षांपूर्वी इथे आली होती, जुनी रजिस्टरं स्कॅन करायला. रजिस्टरात एका मुलाला एक पान: कधी आलं, कोणी आणलं, आई कोण, गाव कोणतं, पुढे कोणाच्या घरी गेलं. ही पानं लोखंडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला. बाई बावीस वर्षांच्या असताना इथे दाई म्हणून आल्या, आता एकाहत्तर. मूल सोडून जाणाऱ्या प्रत्येक आईला त्या दारापर्यंत पोचवत आणि एकच वाक्य सांगत: तुझं नाव या कपाटाबाहेर जाणार नाही.

पानं स्कॅन करून झाल्यावर तिने प्रत्येक फाइलला पासवर्ड घातला. त्याबाबतीत तिने कसूर केली नव्हती. पण फाइलला नाव देताना तिच्या स्वभावाने घात केला. शोधायला सोपं जावं म्हणून तिने सगळ्या फायलींना एका पद्धतीने नावं दिली: आधी तारीख, मग आईचं नाव, मग गाव, शेवटी मुलगा की मुलगी. नीटनेटकं काम झालं म्हणून तेव्हा तिला मनातून बरंही वाटलं होतं. मग त्या फायली, दुसऱ्या गावातल्या शाखेलाही उघडता याव्यात म्हणून, संस्थेच्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवर चढवल्या.

त्या सकाळी ती त्याच फोल्डरात ठेवलेल्या एका साध्या अर्जाच्या पानाचा पत्ता तपासत होती. पत्त्याचा शेवटचा तुकडा चुकून खोडला गेला आणि तिने बटण दाबलं. एखाद्या फोल्डरला दर्शनी पान नसेल, आणि कोणी मनाई केलेली नसेल, तर सर्व्हर आपण होऊन आतल्या सगळ्या फायलींची यादी करतो आणि मागणाऱ्यासमोर ठेवतो. तशी ती समोर आली: आधी बावन्न वर्षं, आणि वर्ष उघडलं की त्यातल्या फायलींची नावं. एकही फाइल पासवर्डाशिवाय उघडत नव्हती. पण उघडायची गरजच काय होती? तारीख, आई, गाव, मुलगा की मुलगी, सगळं वरच लिहिलेलं. कपाटाला कुलूप होतं आणि आतली यादी तिने स्वतःच्या हाताने दारावर चिकटवली होती.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. मग विचारलं, किती दिवस?

"त्रेसष्ट," ती म्हणाली.

"आणि कोणी पाहिलं?"

ते तिला अजून माहीत नव्हतं.

सर्व्हर उभा करून देणाऱ्या साइटवाल्याला तिने फोन लावला. तो आधी हसला. अहो, पत्त्याचं शेपूट कापत कोण बसतंय, म्हणाला. लोकांना अख्खा पत्ता धड टाइप करता येत नाही. हवं तर वरच्या फोल्डरमध्ये एक कोरं पान ठेवून द्या, ते दर्शनी पान समजून सर्व्हर तेच दाखवेल, यादी झाकली जाईल. तिने तसं केलं आणि वरची यादी खरोखर झाकली गेली. पण तिची खोड तिला गप्प बसू देईना. तिने खालचे फोल्डर एकेक करून उघडून पाहिले. बावन्नच्या बावन्न उघडे. कोऱ्या पानाने फक्त ओसरीचं दार लागलं होतं, खोल्यांची दारं सताड उघडी होती.

दुसरा फोन केला तेव्हा साइटवाला हसला नाही. त्याने सर्व्हरच्या मांडणीत घालायची एक ओळ सांगितली: दर्शनी पान नसेल तिथे यादी करू नकोस, मागणाऱ्याला मनाई कळव. ही ओळ खालच्या प्रत्येक फोल्डरला लागू होते. तिने ती ओळ अक्षर अक्षर तपासून घातली. वरचा एक आणि खालचे बावन्न, असे त्रेपन्न पत्ते पुन्हा मागून पाहिले. त्रेपन्न वेळा मनाई आली. मग तिने भेटींची नोंद उघडली. सर्व्हरकडे कोण, केव्हा, काय मागायला आलं ते सगळं तिथे ओळीने लिहिलेलं असतं.

शोधयंत्रांपैकी कोणी आलेलं नव्हतं. आलेल्या संगणकांच्या पत्त्यांतून शाखेचा आणि संस्थेचा स्वतःचा वगळला तर उरत होता एकच पत्ता. त्रेसष्ट दिवसांत एक्केचाळीस भेटी, सगळ्या दुपारी एक ते दोनच्या दरम्यान. सुरुवातीला तो वर्षं चाळत होता. पुढे पुढे एकाच वर्षात थांबू लागला, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या.

"जेवणाच्या सुट्टीत येतोय," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपल्याकडून गेलेलं मूलच असणार गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून अकरा मिनिटांनी तो आला. चार मिनिटांत त्याने सतरा वेळा यादी मागितली, आणि सतरा वेळा त्याला मनाई मिळाली. ओळी एकाखाली एक उमटत होत्या आणि ती नुसती बघत होती. कोणीतरी बंद दारावर थापा मारतंय आणि आपण आतून कडीला हात लावून उभे आहोत, तसं तिला झालं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतःच दारात उभा राहिला. बसदुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक आहे म्हणाला. हात घासघासून धुतले होते, तरी नखांच्या कडांना वंगण राहिलं होतं. यादी का बंद केली, हे त्याने आवाज न चढवता विचारलं. मोठ्या बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आधी तुम्हाला ती सापडली कशी ते सांगा म्हणाल्या. तो सांगू लागला. बिघाड बाहेरून कळला नाही की एकेक पाइप सोडवत मागे जायचं, ही त्याच्या कामाची रीत. संकेतस्थळावर काही सापडेना तेव्हा त्याने पत्त्यातला शेवटून एकेक शब्द काढून पाहिला, इतकंच. वाढवणाऱ्या वडिलांनी जाताना त्याला एवढंच सांगितलं होतं की तू आमच्या पोटचा नाहीस, तुला या घरातून आणलं, आणि तुझा महिना अमुक. त्या वर्षी त्या महिन्यात चार मुलगे आले होते.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. कागदावर चार आयांची नावं आणि चार गावं होती. पहिल्या नावावर काट मारलेली होती.

ती काट पाहून मोजणीबाईने मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"तू तिच्या घरी गेलास?" मोठ्या बाईंनी विचारलं. 'तुम्ही'वरून त्या 'तू'वर कधी आल्या, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

तो गेला होता. ते गाव सगळ्यांत जवळचं, म्हणून आधी तिथे. दार सुनेने उघडलं. आत एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन धान्य निवडत बसली होती. त्याने नाव विचारलं, तारीख सांगितली, मी त्या महिन्यातला, म्हणाला. म्हातारीचे हात थांबले. तिने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग चुकीच्या घरी आलात म्हणाली आणि सुनेला दार लावायला सांगितलं. सून मात्र दार लावता लावता सासूकडे बघत राहिली. परतीच्या वाटेवर त्याला तेवढंच दिसत होतं.

मोठ्या बाईंनी त्याला वाढवणाऱ्या वडिलांचं नाव विचारून घेतलं आणि त्या उठल्या. कपाट उघडून त्या वर्षाचं रजिस्टर काढलं आणि त्यांच्याकडे पाठ करून चार पानं वाचली. रजिस्टर मिटून त्या परत येऊन बसल्या.

"ती तुझी आई नव्हे," त्या म्हणाल्या. "पण तिला तसं वाटत असेल. आपला मुलगा दारात आला आणि आपण दार लावून घेतलं, असं समजून ती बसली असेल."

मेकॅनिकने हातातल्या कागदाकडे पाहिलं. उरलेल्या तीन नावांत त्याची आई होती हे आता त्याला पक्कं कळलं होतं, आणि दर दुपारची सुट्टी यात घालवण्याइतकी चिकाटी त्याच्याकडे होती. मोजणीबाईला वाटलं, हा आता उठेल आणि कागद घेऊन निघून जाईल. कोणी अडवणार नव्हतं आणि अडवताही आलं नसतं.

तिने तेव्हा सांगून टाकलं. फायलींना नावं मी ठेवली, म्हणाली. तुम्हाला जे दिसलं ते दिसायला नको होतं; चूक माझी आहे, तुमची नाही. तो म्हणाला, ताई, तुम्ही चुकला नसता तर मला एवढंसुद्धा कळलं नसतं. हे ऐकून तिला हलकं वाटलं नाही.

मग मोठ्या बाईंनी त्याला घरची रीत सांगितली. मूल सोडून जाणाऱ्या प्रत्येक बाईला दारात निरोप देताना सांगून ठेवलेलं असतं, की कधी शिवणवर्गाचं पत्र आलं तर समज, तुझं मूल तुला विचारतंय. पत्र कोणाच्याही हाती पडलं तरी त्यात शिवणवर्गापलीकडे काही नसतं. वर्गाला येते असं उत्तर आलं तर भेट. नाही आलं तर नाही, आणि दुसरं पत्र जात नाही.

"उत्तर नाही आलं तर?" त्याने विचारलं.

"तर तेच तिचं उत्तर, बाळा."

तो बराच वेळ कागद उघडझाप करत बसला. मग त्याने तो टेबलावर ठेवला आणि पंज्याने सपाट करून पुढे सरकवला. यातली नावं पाठ झाली असतील, ती मी कशी परत घेऊ, असं मोठ्या बाईंनी विचारलं. झालीत, तो म्हणाला; पण जाणार नाही. त्या सर्व्हरलाही पुन्हा हात लावणार नाही. दर सोमवारी फोन करून विचारलं तर चालेल का?

शिवणवर्गाचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालाने गेलं. त्याच दिवशी मोठ्या बाई बसने एकट्याच पहिल्या गावाला गेल्या. सुनेला त्यांनी सासूची जुनी मैत्रीण म्हणून ओळख दिली. संध्याकाळी परतल्या आणि चपला काढता काढता "सांगितलं" एवढाच शब्द बोलल्या. मावशींनी गरम पाणी आणून दिलं. त्या दिवशी त्यांनीही कोणाची थट्टा केली नाही.

पुढचे अकरा दिवस मोजणीबाई फायलींची नावं बदलत होती. तारीख नाही, आई नाही, गाव नाही. फक्त एक ते दोन हजार तीनशे सोळा हे आकडे, तेही ओळीने नव्हे तर चिठ्ठ्या काढल्यासारखे विखुरलेले. कुठला आकडा कोणाचा, हे तिने एका वहीत हाताने लिहिलं आणि वही कपाटात गेली. रोज दुपारी दोन वाजता ती भेटींची नोंद उघडून पाहत असे. सोमवारी एकच्या सुमाराला फोन वाजे. मागून इंजिनांची घरघर येत असे. अजून नाही, असं ती सांगे. बरं, असं तो म्हणे.

पत्र टाकल्याला बेचाळीस दिवस झाले तेव्हा तिने संस्थेबाहेरच्या एका दुकानातल्या संगणकावरून त्रेपन्न पत्ते एकेक करून मागून पाहिले. त्रेपन्न वेळा मनाई. मेकॅनिकच्या पत्त्यावरून त्या बेचाळीस दिवसांत आलेल्या मागण्या शून्य. त्याचे फोन सहा. शिवणवर्गाच्या पत्राला आलेली उत्तरं शून्य.