खातं कुणाच्या नावावर

मेणात बसवलेला पुढचा दात तिनं गरम सुरीच्या टोकानं केसभर डावीकडे सरकवला आणि कवळी दिव्यासमोर धरली. दात सरळ रेषेत आले होते, पण आता ते खोटे वाटत होते. तिनं तोच दात पुन्हा जरासा तिरका केला. सगळे दात शिस्तीत उभे राहिले की माणूस हसताना कवळी आधी दिसते आणि माणूस नंतर, हे ती या लॅबमध्येच शिकली होती.

मालक टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"असा दात तिरका करणारं माणूस मला आता कुठून मिळणार?" ते म्हणाले. तिनं राजीनामा दिल्यापासून ते फारच गोड बोलत होते. "नोटिशीचा महिना मात्र पूर्ण करा हं. आणि शेवटचा पगार नेहमीच्याच खात्यात टाकू ना?"

"सांगते," ती म्हणाली आणि सुरी पुन्हा ज्योतीवर धरली.

ते नेहमीचं खातं तिचं नव्हतंच. लग्न होऊन ती या देशात आली तेव्हा तिच्या कागदांवर नुसतं 'पत्नी' असं लिहिलेलं होतं आणि तेवढ्यावर बँक खातं उघडून देत नव्हती. नोकरी लागली तेव्हा थोरल्या दिरांनी तोडगा काढला. पगार थोरल्या जावेच्या, म्हणजे वहिनीच्या खात्यात येऊ दे. घर एक, स्वयंपाकघर एक, घरखर्च नाहीतरी तिथूनच होतो. पुढे तिला स्वतःच्या नावावर राहण्याचा परवाना मिळाला, तरी पगाराची वाट काही बदलली नाही. विषय कुणी काढला नाही आणि घरात सगळे जिला 'धाकटी' म्हणत, त्या धाकटीनं तर नाहीच नाही.

नव्या कंपनीनं मात्र स्पष्ट सांगितलं होतं. पगार ज्याचा, खातं त्याचंच हवं. नोटीस संपायच्या आत बँकेचं पत्र आलं नाही, तर नवा परवाना होणार नाही.

म्हणजे एक नोटीस मालकांना देऊन झाली होती. दुसरी घरी द्यायची होती, आणि तिच्यासाठी कागदाचा उपयोग नव्हता.

नवऱ्यानं हात वर केले.

"वहिनीला तूच सांग बाई. मी बोललो तर दादाला वाटेल आम्हाला वेगळं व्हायचंय."

"आणि मी बोलले तर?"

"तुम्ही जावा जावा. तुमचं तुमचं काय ते असतं," असं म्हणून तो टॉवेल घेऊन आंघोळीला पळाला.

जावांचं त्यांचं असं होतंच काहीतरी. थोरली वाईट मुळीच नव्हती. धाकटीला ताप आला की रात्रभर उशाशी बसायची. पण पैसे मागितले की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "उद्या देते." चपला घ्यायच्या असोत की आईला पाठवायचे असोत, उद्यावर गेलंच म्हणून समजा. दुसऱ्या दिवशी ती आठवणीनं पैसे हातावर ठेवायची, कशाला म्हणून विचारायचीही नाही. तरी मधली ती एक रात्र धाकटीला सलायची. माझेच पैसे आणि मलाच ताटकळत ठेवतात, माझी पायरी दाखवून देतात, असं तिनं मनात धरून ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दोघी शेंगा मोडायला बसल्या तेव्हा तिनं एकदाचं सांगून टाकलं.

"वहिनी, नव्या नोकरीत पगार माझ्याच नावावर घ्यावा लागणार आहे. नियम आहे तसा." 'नियम' या शब्दावर तिनं जरा जास्तच जोर दिला.

थोरलीचे हात थांबले. मग तिनं शेंगेची शीर सावकाश ओढून काढली.

"बँकेत कधी जायचं?"

"रागावला नाहीत ना?"

"त्यात रागवायचं काय? मीही येते. सुरुवातीला थोडं भरावं लागेल, ते माझ्या खात्यातून वळतं करू. पैसे तुझेच तर आहेत."

धाकटीला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. तिनं भांडणाची इतकी तयारी केली होती की आता त्या तयारीचं काय करावं, हेच तिला कळेना.

बँकेत काचेपलीकडे एक तरुण मुलगी बसली होती. तिथली भाषा थोरलीला फारशी येत नसल्यामुळे धाकटी मधे दुभाषी झाली. तिचं स्वतःचं खातं बघता बघता उघडलं. अडलं ते पत्रापाशी. खात्यात काहीतरी भरल्याशिवाय पत्र निघत नव्हतं.

थोरलीनं ऐटीत आपला खाते क्रमांक पुढे केला. मुलीनं बटणं दाबली.

"तुमच्या मोबाइलवर कोड आला असेल. तो सांगा."

धाकटीनं ते मराठीत सांगितलं. थोरलीनं पर्सला हातसुद्धा लावला नाही.

"तो यांच्या मोबाइलवर जातो," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग कार्ड द्या. कार्डावर होईल."

"कार्डही यांच्याकडेच असतं."

धाकटी भाषांतर करायचं विसरली.

"मी स्वतः उभी आहे ना इथं?" थोरलीचा आवाज चढला. "माझंच खातं आहे. सही माझी आहे. माझं तोंड बघून नाही का चालत?"

काचेपलीकडच्या मुलीला शब्द कळले नसावेत. तरी तिनं ओशाळून मान हलवली.

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. दिरांचा आवाज धाकटीलाही स्वच्छ ऐकू येत होता.

"अगं, कोड आलाय! कुणीतरी आपल्या खात्यात हात घालतंय. कुणाचा फोन आला तर काही सांगू नकोस."

"मीच आहे ती," थोरली म्हणाली. "धाकटीच्या खात्यात भरायचेत. कोड सांगा."



"तू बँकेत गेलीस? मला न विचारता? आधी घरी जा. रात्री बोलू. उद्या देतो."

थोरलीनं फोन पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. धाकटी मात्र तिच्याकडे बघेना. काउंटरच्या कडेवरचा एक जुना डाग ती नखानं खरवडत राहिली.

"रोख चालेल का विचार," थोरली म्हणाली.

चालत होतं. दोघींनी पर्स उलट्या केल्या. थोरलीच्या पर्समधून भाजीतून वाचवलेल्या चुरगळलेल्या नोटा निघाल्या, धाकटीकडे बसभाड्याचे सुटे होते. सगळं मिळून काम भागलं. प्रिंटरमधून पत्र बाहेर आलं. धाकटीनं त्यावरचं आपलं नाव वाचलं आणि पत्र नीट फाइलमध्ये ठेवलं.

"चला वहिनी, झालं."

थोरली जागची हलली नाही.

"वहिनी, दादांनी घरी जायला सांगितलंय."

"तिला विचार," थोरली म्हणाली. ती काचेकडेच बघत होती. "नोकरी नसली तर उघडतात का?"

धाकटी पुन्हा खुर्चीवर टेकली. तिनं काचेकडे वळून विचारलं.

"ओळखपत्र असलं की पुरे," मुलगी म्हणाली. "पत्र नको असेल तर रिकामंही उघडता येतं. चालेल का?"

धाकटीनं सांगितलं.

"चालेल की," थोरली म्हणाली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून ओळखपत्र काढून तिनं काचेखालून सरकवलं.

मुलगी माहिती भरत गेली. नाव, पत्ता, जन्मतारीख. धाकटी एकेक विचारत होती, थोरली सांगत होती. मग मुलीनं मान वर करून मोबाइल नंबर विचारला.

धाकटीनं मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच थोरली काचेपाशी वाकली होती. बाजारात जाणाऱ्या बाईला आधी आकडेच शिकावे लागतात. तिथल्या भाषेत तिनं आपला नंबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही आकडा न अडखळता सांगितला. आवाज इतका मोठा होता की रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. मुलीनं तो परत वाचून दाखवला, तेव्हा तिनं मान डोलावली आणि धाकटीला म्हणाली,

"बरोबर घेतलाय हिनं."