दारावरचं डोकं

टाउन हॉल बांधायला चार जणांची समिती होती, आणि चौघांचं एका गोष्टीवर कधी जमलं असेल तर शपथ! म्हणून दर्शनी बाजूला चार तऱ्हेचे खांब आहेत. घुमट एकाच्या आवडीचा, मनोरा दुसऱ्याच्या हट्टाचा, आणि वर जायचा जिना इमारतीच्या मागे, बाहेरून. कारण भांडणाच्या भरात जिना कुणाच्याच ध्यानात राहिला नाही. जाणकार त्याला मिश्र शैली म्हणतात. म्हणोत बापडे.

मुख्य दाराच्या कमानीवर एक कोनाडा आहे. त्यात नगरपालिकेच्या पहिल्या अध्यक्षांचा दगडी पुतळा बसवला. पायघोळ झगा, हातात कागदाची गुंडाळी, कंबर अशी की नाचणारीने हेवा करावा. दुसरे अध्यक्ष आले, त्यांनाही पुतळा हवा. पण कोनाडा एकच! मग कुणाच्या तरी सुपीक मेंदूतून निघालं, की धड राहू द्या, डोकं तेवढं बदला. तेव्हापासून नवा अध्यक्ष आला की जुनं डोकं मानेतल्या खुंटीवरून उतरतं आणि तळघरात जातं.

आपल्या गोष्टीतल्या साहेबांचंही डोकं असंच चढलं होतं. गुळगुळीत दाढी केलेलं, करारी. एकदा काही कामासाठी ते तळघरात उतरले, तर आधीच्या अध्यक्षांच्या नाकावर फरशी पुसायचं फडकं वाळत घातलेलं! साहेबांचा हात आपसूक स्वतःच्या नाकावर गेला. निवडणूक तोंडावर होती, आणि विरोधात उभे होते एक झुपकेदार मिशीवाले. त्यांची हवा आहे हे साहेब कबूल करत नसत, पण झोप उडाली होती.

त्यांनी शिल्पकाराला बोलावलं. "खुंटीत शिसं ओता, सिमेंट भरा, वाट्टेल ते करा. हे डोकं पुन्हा निघता कामा नये."

"साहेब, मग ते कुणालाच काढता येणार नाही. ओढायला गेलं तर कमान खाली येईल."

"तेच हवंय मला!"

घरी बायको म्हणाली, "अहो, डोकं पक्कं करण्याऐवजी रस्ते पक्के केले असते, तर निवडून तरी आला असतात."

"तू गप्प बस."

"बसते. लग्नापासून तेच तर करतेय."

साहेब सपाटून आपटले. मिशीवाल्यांनी शपथ घेतली आणि पहिलं काम म्हणून शिल्पकाराला शिडीवर चढवलं. दोन घाव घातले, तोच कमानीला चीर गेली आणि दारात उभ्या मिशीवाल्यांच्या टकलावर चुन्याचा ढपला पडला. ते संतापले, थयथयाट केला, आणि मग एकदम शांत झाले.

"राहू दे ते डोकं," ते म्हणाले. "त्याला मिशी लावा. आणि खाली पाटी माझ्या नावाची."

साहेबांनी रस्त्यात आकांडतांडव केलं. "अहो, ते माझं नाक आहे! हनुवटी माझी आहे!"

लोक मान वर करून सभ्यपणे बघत आणि म्हणत, "पण मिशी तर त्यांची आहे ना?"

कहर म्हणजे साहेबांचा सख्खा भाचा घरी येऊन म्हणाला, "मामा, मिशीवाले काय हुबेहूब उतरलेत!" त्या दिवशी साहेब जेवले नाहीत.

"मग तुम्हीच मिशी ठेवा," बायको वैतागून म्हणाली. "निदान चेहरा तरी जुळेल."

तिने टोमणा मारला होता. साहेबांनी तो मनावर घेतला. मिशी वाढवली, तिला आकडे दिले, आणि एका सकाळी स्वारी टाउन हॉलच्या दारात, पुतळ्याच्या बरोब्बर खाली, छाती काढून उभी राहिली.

परगावच्या एक बाई खांब बघत आल्या. त्यांनी वर पाहिलं, पाटी वाचली, मग साहेबांकडे पाहिलं आणि लगबगीने हात जोडले.

"अगंबाई! या पाटीवरचे अध्यक्ष आपणच ना?"

साहेबांच्या कानशिलांची आग झाली. खरं नाव अगदी ओठांवर आलं. पण पद गेल्यापासून त्यांना कुणी हात जोडले नव्हते, आणि बाई अजून वाकलेल्याच होत्या.

"हो," साहेब मिशीला पीळ देत म्हणाले. "मीच तो."