झिपरी रोज कपाटासमोर का बसते

गुरुग्रामच्या त्या उंच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, पाय ठेवायला जागा नव्हती. सोफे गॅलरीत गेले होते. सतरंजीवर दाटीने बसलेल्या बायका कुमुदिनीबाईंच्या केसाळ कुत्रीकडे, झिपरीकडे पाहत होत्या. रोजच्यासारखीच ती आशयच्या बंद कपाटासमोर बसून शेपटी हलवत होती. त्यांच्या मुलाला, आशयला, जाऊन दीड महिना झाला होता.

"बेटा यहीं है, माँजी," श्वानसिद्ध महाराज हळूच म्हणाले. "जा नहीं पा रहा. घर में किसी ने पकड रखा है."

कुमुदिनीबाईंनी फक्त 'यहीं है' एवढंच ऐकलं होतं.

कोणी धरलंय ते महाराजांचा काळा कुत्रा, भैरव, सांगणार होता. भैरवला आत्मे दिसत. महाराजांना दिसत नसत, म्हणून कुत्रा बाळगावा लागे. शिष्याने सगळ्यांच्या हातांना अत्तर लावलं. भैरव एकेकीला हुंगत गेला आणि कुमुदिनीबाईंच्या सुनेसमोर, रेवतीसमोर, जाऊन बसला.

"बहू को मायके भेज दो. बच्ची को भी. तभी मुक्ती होगी."

आठ वर्षांच्या सृष्टीने आईची ओढणी घट्ट धरली. कुमुदिनीबाईंनी रेवतीच्या माहेरच्या, सोलापूरच्या, गाडीची वेळ विचारली.

महाराज फळं खात होते तेवढ्यात शेजारच्या श्यामकांत मास्तरांनी तिघींना स्वयंपाकघरात बोलावलं. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं.

"वहिनी, रेवतीला अत्तर कसं लावू दिलंत?"

कुमुदिनीबाई चपापल्या. नवरा गेलेल्या बाईला त्यांच्याकडे अत्तर लावत नसत. "मी नकोच म्हणाले हो. त्या शिष्याने ऐकलंच नाही. खिशातून दुसरी कुपी काढून लावलं."

"दुसरी?"

"आजीच्या हाताला गुलाबाचा वास येतो," सृष्टी म्हणाली. "मम्माच्या हाताला बडीशेपेचा."

"शाबास. असं नाक वापरावं."

मास्तरांनी रेवतीचा हात रुमालाने नीट पुसला, मग तिला कोपरापर्यंत साबण लावायला सांगितलं. बाहेर येऊन महाराजांच्या पाया पडताना रुमाल त्यांच्या आसनाखाली सरकवला.

"महाराज, एकदा पुन्हा होऊ दे. मी जरा मंद आहे."

महाराज हसले. भैरव सुटला. रेवतीजवळ क्षणभर थबकला, पुढे गेला आणि महाराजांसमोर ऐटीत बसला.

"हट्," महाराज म्हणाले. भैरव हलेना. त्या दोघांत प्रामाणिक तोच होता.

"यांचं माहेर कुठे आहे, कुणाला ठाऊक आहे का?" मास्तरांनी विचारलं. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

मास्तरांनी रुमाल काढून सगळ्यांना हुंगायला दिला. "हा वास आला की बसायचं, मग बिस्किट मिळतं, एवढंच त्याला शिकवलंय. पोलिसांची कुत्री अशीच शिकतात. आत्मा बिचारा यात कुठेच नाही."

महाराज लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले. गर्दी पांगली. कुमुदिनीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"पण झिपरीला कोणी शिकवलं नाही, भाऊजी. तिला कोण दिसतं?"

"कपाट उघडा."

आशय गेला त्या दिवशी न धुताच कोंबलेले त्याचे शर्ट आत होते. कुमुदिनीबाईंनी एकात तोंड खुपसलं, बराच वेळ. "मला तर कसलाच वास येत नाही."

"आपलं नाक तेवढं तीक्ष्ण नाही, वहिनी. तिला दाराच्या फटीतूनही येतो. आशय नाही, त्याच्या घामाचा वास. तो विरत जाईल. मग एके दिवशी ती इथे बसणार नाही."

झिपरी शेपटी हलवत होती. कुमुदिनीबाईंनी कपाटाच्या किल्लीकडे पाहिलं. ती दीड महिना त्यांच्याच कमरेला होती.

त्यांनी रेवतीची दारात काढून ठेवलेली सुटकेस ओढून आत आणली आणि शर्ट तिच्या हातात ठेवला.

"आजोबा, कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं?" सृष्टीने विचारलं.

"वासातलं, खूप जास्त. पण त्याचा अर्थ आपल्याला लावावा लागतो, बेटा. तो दुसऱ्या कोणाला लावू देऊ नये. आणि कोणी घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर आधी त्या बोटाचा वास घ्यावा."