जैसलमेरसाठी जपलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे मित्रांनो, आणि मला आता काहीही दाखवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सगळं ऐकून झाल्यावर 'मग त्यांना तो पक्षी दिसला का?' असं तुम्ही विचारणार नाही. नाही दिसला. का नाही दिसला, तेवढं मात्र ऐका. त्यात माझा दोष थोडा आहे आणि मला जीव लावणाऱ्यांचा जास्त.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीने आले ती थेट ठाण्यातल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी डोंबिवलीचे गुरुदत्तकाका आणि शुभदाकाकू त्या दुकानात शिरले. काका एका कंपनीच्या प्लॅनिंग खात्यात होते आणि काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. काकूंनी मला डोळ्यांना लावलं, माझं चाक फिरवलं आणि समोरच्या गच्चीवरचं कबुतर बघून लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अहो, त्याच्या डोळ्याचा रंग दिसतोय!" माझं आयुष्य सार्थकी लागलं असं मला त्या क्षणी वाटलं. दुकानदाराने मला पिशवीत घालताना बजावलं होतं, "वापरत राहा हं. पेटीत कोंडू नका, आपल्याकडची हवा दमट." काका त्या वेळी गॅरंटी कार्ड वाचत होते.

मला विकत घ्यायचं कारण होतं माळढोक. काकूंचं माहेर सोलापूरकडचं, नान्नजच्या बाजूचं. त्या आठ वर्षांच्या असताना वडिलांच्या सायकलवर पुढे बसून माळावरून चालल्या होत्या. वडिलांनी एकदम सायकल थांबवली आणि कानात सांगितलं, "हलू नकोस." पंधरा-वीस हातांवर गवतात एक पक्षी उभा होता. काकूंच्या खांद्याएवढा उंच, डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान ताठ. त्याने दोघांकडे बघितलं, काही घाई नसल्यासारखी चार पावलं टाकली आणि मग जड पंख पसरून उडाला. पुढच्याच वर्षी काकूंचे वडील गेले. त्यांच्याबरोबरचं काकूंना लख्ख आठवणारं असं तेवढंच राहिलं. म्हणून त्यांना माळढोक पुन्हा एकदा बघायचा होता. दुसरी कुठलीच हौस त्या बाईने कधी बोलून दाखवली नाही.

"त्यात काय, दाखवतो की!" असं काका म्हणाले आणि कामाला लागले. मित्रांनो, काकांचं कामाला लागणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. त्यांनी एक हिरवी फाइल केली. माळढोक नीट बघायचा तर राजस्थानात, जैसलमेरजवळच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात, हे त्यांनी चार ठिकाणी विचारून नक्की केलं. मग बोरिवलीहून जोधपूरची गाडी, पुढे जैसलमेर, तिथून जीप, उद्यानाचं परवानगीपत्र, जानेवारीतला सूर्योदय, थंडीत मोजे प्रत्येकी चार जोड, गूळपोळ्या किती आणि मेतकूट कुठल्या डब्यात, सगळं त्या फाइलमध्ये आलं. फक्त तारीख आली नाही.

पहिले दोन हिवाळे मात्र माझे फार सुखाचे गेले. "हात बसायला हवा" म्हणून काकू रविवारी सकाळी मला घेऊन निघायच्या. शहाडला उल्हास नदीच्या काठी, कधी टिटवाळ्याला काळू नदीवर. खंड्या, शराटी, तारेवर बसलेले वेडे राघू, सगळे मी त्यांना जवळ आणून दिले. शाळेतली मुलंही कधी बरोबर असायची आणि मला हातात घ्यायला भांडायची. एका मुलीने तर "बाई, ही जादूची आहे का?" असं विचारलं होतं. असं कौतुक झालं की मी फुगून जायचे, खोटं कशाला बोलू?

मग शहाडलाच एकदा काकूंच्या हातून मी घाटाच्या पायरीवर पडले. फार काही झालं नाही, कडेच्या रबराला खरचटलं. पण काकांचा चेहरा असा उतरला की जणू घरातलं माणूसच पडलं. "उद्या भिंग फुटलं तर जैसलमेरला काय वाटाणे बघायचे?" असं म्हणून त्यांनी मला कातडी पेटीत घातलं, पेटी जुन्या पंचात गुंडाळली, पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन रबरबँड, आणि सगळं गाठोडं लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, काकूंच्या लग्नातल्या शालूशेजारी. "आता ही जैसलमेरलाच निघेल," ते म्हणाले. ते त्यांनी अत्यंत प्रेमाने केलं, हे मी आजही सांगेन.

तुमच्याही घरात अशी चांगली क्रोकरी असेल, पाहुण्यांसाठी ठेवलेली. चांगली चादर असेल. मी त्यांच्यात जाऊन बसले.

कपाटात दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. वर्षं मी अशी कानांनी मोजली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्या वर्षी जायचं राहिलं. लेकीची दहावी आली, मग बारावी आली. दर नवरात्रात फाइल निघायची, दर दिवाळीत मिटायची. मधेच एकदा काकू म्हणाल्या, "अहो, मग नान्नजलाच जाऊ या ना. रात्री गाडीत बसलं की सकाळी सोलापूर. माझी माणसं आहेत तिकडे."

"अगं, तिथे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत म्हणे. एवढं जायचं आणि नाही दिसला तर? बघायचा तर एकदाच, पण नीट."

"मला एकच बघायचाय," काकू म्हणाल्या.

पण काकांना अर्धवट काम खपत नसे. ते नीट करायच्या मागे लागले आणि काही वर्षांनी त्यांनीच एका सकाळी पेपरातून वाचून दाखवलं की त्या माळावर आता माळढोक दिसेनासा झालाय. काकूंनी कपाट उघडून उगाच शालूची घडी बदलली आणि पुन्हा लावून टाकलं. पुढे इमारतीचं रिडेव्हलपमेंट निघालं, भाड्याच्या घरात तीन वर्षं गेली, मग टाळेबंदी आली. "निवृत्त झालो की निवांत," हे पालुपद काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सुरूच होतं.

आणि इकडे माझं काय झालं होतं? डोंबिवलीचा पावसाळा कपाटाच्या फटीतून आत येतो मित्रांनो. कातडं ओल धरतं, पंचा ओल धरतो, प्लॅस्टिक ती बाहेर जाऊ देत नाही. एका वर्षी माझ्या आतल्या काचेवर काहीतरी बारीक सरपटल्यासारखं मला वाटलं. पुढच्या वर्षी ते पसरलं. बुरशी होती ती. ओरडायला मला तोंड नव्हतं.

त्याच कपाटाच्या दाराला बाहेरून आरसा आहे. गेल्या उन्हाळ्यापासून काकू घरात एकट्या असल्या की आरशासमोर येऊन उभ्या राहायच्या. मी आतून ऐकायचे. "डावा झाकला... नाक दिसत नाही. उजवा झाकला... दिसतंय, पण वाकडं." रोज हाच पाढा. हळूहळू डाव्या डोळ्यालाही नाक दिसेना. कडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं. एक दिवस त्या आपल्याच डोळ्याला म्हणाल्या, "जानेवारीपर्यंत टिक रे बाबा. एवढा एक पक्षी बघू दे."

कारण या वेळी खरोखरच ठरलं होतं! काकूंनी कधी नव्हे तो हट्ट धरला होता, "या जानेवारीत नाही, तर कधीच नाही." काकांनी तिकिटं काढली. लेकीने जैसलमेरच्या हॉटेलचं बुकिंग केलं. अशा वेळी डोळ्यांचं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते काकू चाळीस वर्षांच्या संसाराने ओळखून होत्या. 'आधी डोळे, मग वाळवंट' असं म्हणून हिरवी फाइल मिटली असती. म्हणून त्या गप्प राहिल्या आणि डॉक्टरकडेही गेल्या नाहीत. डॉक्टरचं जैसलमेरहून आल्यावर बघू, असं त्यांनी ठरवून टाकलं. बघा, जपून ठेवायची आणि पुढे ढकलायची सवय आता त्यांनाही लागली होती.

नोव्हेंबरात एका सकाळी काकांनी समारंभ केल्यासारखं मला बाहेर काढलं. दोन्ही रबरबँड जुने होऊन तुटले. बाल्कनीत काकूंच्या हातात मला देऊन ते म्हणाले, "पहिला मान तुझा. बघ."

वीस वर्षांनी माझ्यावर उजेड पडला होता. काकूंनी मला डोळ्यांना लावलं आणि मला दाखवायला धुक्याशिवाय काही नव्हतं. त्यांना वाटलं, धुकं आपल्याच डोळ्यांतलं.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

समोरच्या टाकीवर कावळा ओरडत होता. काकू म्हणाल्या, "कावळा बसलाय टाकीवर."

"स्वच्छ?"

"एकदम स्वच्छ."

काकांनी समाधानाने फाइलमध्ये 'दुर्बीण तपासली' यापुढे बरोबरची खूण केली. आणि मला परत गुंडाळून ठेवलं. माझ्या आयुष्यात मला त्या दिवसाइतकं रडू कधी आलं नव्हतं.

निघायला आठ दिवस राहिले तेव्हा बॅगा भरताना काकांनी सहज मला स्वतःच्या डोळ्यांना लावलं. चाक फिरवलं, काच पुसली, परत लावलं.

"अगं शुभदा, यातून तर काहीच दिसत नाही!"

काकू गूळपोळ्यांची कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"नुसतं पांढरं दिसतंय. तुला..." काकांचा आवाज मधेच हळू झाला. "तुला त्या दिवशी कावळा कसा दिसला?"

काकू म्हणाल्या, "ओरडत होता ना तो."

काका खुर्चीवर बसले. काकूंनीच मग कणकेच्या हातांनी सगळं सांगितलं, आरसा, नाक, जानेवारी. काका नुसतं "अगं, मला सांगायचं ना, मला सांगायचं ना" एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते काकूंना कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आल्यावर घरात जे बोलणं झालं त्यावरून मला समजलं की काकूंच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर इंजेक्शनांनी आहे ते राखता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मला काका ठाण्याला महिपत नावाच्या कारागिराकडे घेऊन गेले. त्याने मला उघडलं, दिव्यासमोर धरलं आणि चुकचुकला.

"काका, खाल्लंय हो हिला बुरशीने. प्रिझमपर्यंत गेलीय. पुसली तरी डाग राहणार. वापरलेली नाही वाटतं?"

"जपून ठेवली होती," काका म्हणाले.

"तेच तर," महिपत म्हणाला आणि माझे स्क्रू परत बसवायला लागला.

घरी येऊन काका म्हणाले, "तरीही जाऊ या आपण. मी बघेन आणि तुला सांगेन."

"नको," काकू म्हणाल्या. "तो मला बाबांनी दाखवलाय. आता तिथे जाऊन नुसतं उभं राहायचं आणि तुमच्या तोंडून ऐकायचं, तर ते बाबांचंही पुसून जाईल. आहे तेवढं राहू दे माझ्याजवळ."

तिकिटं रद्द झाली. गाडी सुटायची होती त्या दिवशी दुपारी दोघं बाल्कनीत बसले होते. मीही कठड्यावर होते, आता मला कोणी गुंडाळत नाही. काकू म्हणाल्या, "ती फाइल वाचा बघू. बावीस वर्षं लिहिताय, मला कधी सगळी वाचून दाखवली नाहीत."

काकांनी वाचायला सुरुवात केली. पहिला दिवस, बोरिवली. दुसरा दिवस, जोधपूर. मोजे, मेतकूट, जीपवाला. चौथ्या दिवसाशी येऊन ते अडखळले.

"वाचा ना."

"सकाळी पावणेआठ. माळढोक पाहणे."

"किती वेळ ठेवला होतात?"

"दोन तास."

काकूंनी टाकीच्या दिशेला तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "मला पाच मिनिटं पुरली असती हो."

काकांनी फाइल मिटली. ते रडत होते आणि काकूंना ते दिसत नव्हतं.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. घरात कुणासाठी, कधीसाठी म्हणून जी वस्तू गुंडाळून ठेवली असेल ती आज बाहेर काढा. खरचटू दे, पडू दे, पण वापरा. आणि घरात कुणी एकच गोष्ट पुन्हापुन्हा मागत असेल तर ती नीट करायच्या मागे लागू नका, जमेल तशी, अर्धीमुर्धी का होईना, करून टाका. घाटाच्या पायरीवर पडून मी फुटले असते तरी चाललं असतं. शहाडच्या नदीवर आणखी वीस हिवाळे काकूंनी मला नेलं असतं तर मी झिजून गेले असते, पण काहीतरी दाखवून गेले असते. आता काकू कधी कधी सवयीने मला उचलतात, डोळ्यांना लावतात आणि परत कठड्यावर ठेवतात.